मात्रा: लेपर्ड गेकोचं कॅल्शियम आणि आपली माया

विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर पालीवर काय बोलणार? आधीच सांगतो, मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला, जनावरांचा नव्हे. औषध नेमून देणं हे पशुवैद्याचंच काम. पण लेपर्ड गेको पाळणारी तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात: ‘कॅल्शियम किती द्यायचं?’ हा प्रश्न मुळात मात्रेचा आहे. मराठीत ‘मात्रा’ म्हणजे औषधही आणि प्रमाणही, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आधी कमतरता कुठे आहे ते बघू. लेपर्ड गेको फक्त किडे खातो. पेटीत त्याला मिळतात ते पाळलेले रातकिडे आणि मीलवर्म, म्हणजे पिठातल्या भुंग्याच्या अळ्या. या किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दीड ते दोन पट हवं. किड्यांत हिशेब नेमका उलटा असतो. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. हाच हाडांचा चयापचयाचा आजार. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची.

पण नुसतं कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. ते आतड्यातून रक्तात शोषलं जायला जीवनसत्त्व डी-३ लागतं. ते दोन वाटांनी मिळतं: उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कातडीत तयार होतं, किंवा पावडरीतून पोटात जातं. या दोन वाटांत मोठा फरक आहे. कातडीत गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागलं तर त्याच किरणांनी जादाचं निकामी होतं. पावडरीला असा लगाम नाही. डी-३ चरबीत विरघळतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठत राहतं. फार साठलं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जमू लागतं. जीवनसत्त्व अ चंही तसंच: कमी पडलं तर डोळे आणि कात टाकणं बिघडतं, जास्त झालं तर विषबाधा.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी आठवड्याला एक घ्यायला सांगितलेली डी-३ ची पुडी पुष्कळांच्या कपाटात असते. एका ग्रॅमच्या पुडीत ६०,००० युनिट. ती ६० किलोच्या माणसासाठी. प्रौढ गेकोचं वजन साधारण ६० ग्रॅम, म्हणजे माणसाच्या हजारावा भाग. नुसत्या वजनाचा हिशेब धरला तरी त्या पुडीतला एक मिलिग्रॅम होतो. घरात कुठल्या तराजूवर मोजणार? ‘चिमूटभर घातलं’ म्हणणाऱ्याने किती घातलं, ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून माणसाच्या पुड्या, गोळ्या कुटून देणं पूर्ण बंद. आणि पानाचा चुना? तोही कॅल्शियमच ना, असं कोणी म्हणेल. पण तो दाहक आहे, तोंड आणि पोट भाजेल. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली, फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडरच वापरा.

रोजची पद्धत अशी. खाऊ घालण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना चांगला चारा द्या. किड्याच्या पोटातलंच गेकोच्या पोटात जातं. मग पिशवीत घालून पावडर हलकेच लागेल इतकं हलवा आणि लगेच द्या, कारण रातकिडा अंग झाडून पावडर काढून टाकतो. वाढत्या पिल्लांना बहुतेक जेवणांत साधं कॅल्शियम, प्रौढांना एक-दोन जेवणांआड. अंडी घालणाऱ्या मादीची गरज जास्त. यूव्हीबी दिवा नसेल तर डी-३ आणि इतर जीवनसत्त्वांची पावडर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. दिवा असेल तर त्याहून कमी. दोन वेगवेगळ्या डब्यांत डी-३ असेल तर बेरीज होते, म्हणून लेबल वाचा. पेटीत वाटी ठेवायची तर डी-३ नसलेल्या कॅल्शियमची. आणि एका कोपऱ्यात ३१ ते ३३ अंशांची ऊब हवीच, नाहीतर खाल्लेलं नीट पचत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही सांगतो. ऊन दिवसेंदिवस दिसत नाही म्हणून कोणी पेटी खिडकीशी ठेवतात. साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही. उघडीप झाली तर काचेची पेटी तेवढी तापते. दमट हवेत पावडरीचे गोळे होतात, जीवनसत्त्वं उतरतात. डबा घट्ट बंद ठेवा, उघडल्याची तारीख त्यावर लिहा आणि सहा महिन्यांनी नवा आणा.

आता मूळ मुद्दा. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारं. उणीव किती हे न बघता ओतत राहणं म्हणजे पूर्ती नव्हे. आपल्या मायेला वाटतं, चांगली गोष्ट जास्त दिली तर जास्त चांगलं. माणूस निदान ‘पुरे’ म्हणतो. पेटीतला हा जीव तेही म्हणू शकत नाही, आणि कमी-जास्तीची खूण दिसते तोवर आतलं नुकसान झालेलं असतं. कंप, मऊ जबडा, वाकडे पाय किंवा खाणं सुटलेलं दिसलं तर पावडर वाढवत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. त्याच्या वतीने ‘पुरे’ म्हणायचं काम आपलं आहे.