गलबताच्या दोऱ्या

निपाणीचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. आमच्याकडे तंबाखू आहे, विड्या आहेत, वेदगंगेच्या काठचा ऊस आहे. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून जावे तेव्हा दिसणारा. तरीही दरवर्षी दिवाळीत आमच्या गल्लीत एक समुद्र तयार होतो. मुले मातीचे किल्ले करतात, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही विजयदुर्ग करावयाचे ठरविले. विजयदुर्ग म्हटला की पाणी आले आणि पाणी आले की आरमार आले. आरमाराचे खाते माझ्याकडे होते.

मी खोक्याच्या फळ्यांचे एक जहाज केले. तीन डोलकाठ्या, चौकोनी शिडे, दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या, असा सगळा थाट होता. हे रूप मी कुठून घेतले, तर कॅलेंडरावरच्या चित्रातून आणि समुद्री चाच्यांच्या इंग्रजी सिनेमातून. सगळ्या दोऱ्या सरसाने पक्क्या चिकटविल्या होत्या. पाहणारे ‘वा’ म्हणत होते. शेजाऱ्यांकडे वेंगुर्ल्याचे एक वृद्ध पाहुणे आले होते, तरुणपणी ते मचव्यावर खलाशी होते. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “वारो फिरलो तर काय करतलंस?”

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून दीड वर्ष मी गलबत बांधतो आहे.

आधी गलबत म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. माझ्या एका कन्नडभाषिक मित्राने विचारले, “इदु हडगो, दोणियो?” म्हणजे हे जहाज की होडी? प्रश्न सोपा वाटला, पण मर्मावर बोट ठेवणारा निघाला. आज आपण कोणत्याही जहाजाला गलबत म्हणतो. आंग्र्यांच्या काळी तसे नव्हते. मोठे लढाऊ जहाज ते गुराब. हा शब्द अरबीतला, त्याचा अर्थ कावळा. गलबत त्याहून लहान. १८ व्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दोहोंचे वर्णन करून ठेवले आहे. त्याच्या मते गुराब दोन डोलकाठ्यांचे असेल तर फार तर १५० टनांचे, तीन डोलकाठ्यांचे असेल तर सुमारे ३०० टनांचे. गलबत क्वचितच ७० टनांच्या वर. त्याला डोलकाठ्या दोन, मागची अगदी नाजूक. पुढच्या मोठ्या काठीला एकच प्रचंड त्रिकोणी शीड. आणि ४० ते ५० वल्ही. वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाई. वारा पडला की हीच गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत नेत. तेव्हा मित्राला मी उत्तर दिले की हे दोन्ही आहे.

आता प्रतिकृती करावयाची तर मापे हवीत, आणि इथेच अडले. परंपरेने कोकणातला मिस्त्री नजरेने, दोरीने आणि हाताच्या मापाने जहाज बांधी; कागदाशी त्याचे फारसे देणेघेणे नसे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. (त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हे किल्ल्याशेजारच्या फलकावर लिहावे की नाही यावर आमच्या गल्लीत दोन तट पडले. शेवटी लिहिले.) मग मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शोभेल असा हिशेब मांडला. वल्ही ४० धरली तर एका बाजूला २०. दोन वल्ह्यांत तीन फूट अंतर नसेल तर वल्हेकऱ्यांची कोपरे एकमेकांना लागतील. म्हणजे ६० फूट झाले. पुढचा-मागचा निमुळता भाग १५ फूट. एकूण ७५. मूळ वस्तूच्या एक अठ्ठेचाळिसांश असे प्रमाण घेतले तर पावणेएकोणीस इंच. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

सांगाडा करणे त्यामानाने सोपे. खाली पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, त्यावर बरगड्यांसारखे वांक, वांकांवर फळ्या. फळ्यांसाठी सुताराकडच्या सागवानी पट्ट्या घेतल्या. कोरड्या वाकविल्या की मोडतात. उकळत्या पाण्यात भिजवून, वांकांवर दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवल्या की सकाळी वळण धरतात. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूची जमीन असे, असे ऑर्म म्हणतो. तो बांबू आमच्या बुरुडाने हसत हसत फुकट दिला.

डोलकाठीची गोष्ट निराळी. आपल्याकडच्या त्रिकोणी शिडाच्या जहाजांची मोठी काठी पुढच्या बाजूला कललेली असते. मी ती तशी बसविली आणि फळ्या तासायला गलबत सुतारकाकांकडे ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी काठी ओळंब्यात सरळ! “कलली होती, नीट करून दिली,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आठवडाभर थांबून ती पुन्हा कलती केली.

खरे काम दोऱ्यांचे. १ मिलिमीटर जाडीची दोरी या प्रमाणात जवळजवळ पाच सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होते. बाजारची सुतळी लावली तर गलबताला अजगर बांधल्यासारखे दिसते. यावर उपाय घरातच सापडला. माझी आजी विड्या वळते. विडी बांधायचा दोरा बारीक असतो, पण त्याला लव असते. मेणाच्या तुकड्यावरून ओढला की लव बसते. जाड दोर हवा असेल तर तीन धागे प्रत्येकी एकाच दिशेने पिळायचे आणि मग तिन्ही मिळून उलट दिशेने पिळायचे. एकेक धागा उसवू पाहतो आणि त्या धडपडीनेच सगळ्यांचा पीळ घट्ट होतो. मी एक टोक दाराच्या कडीला आणि दुसरे सुताराच्या गिरमिटाला लावून बरेच प्रयोग केले. आजीने ते पाहिले आणि मांडीवर तळहाताने तोच दोर अर्ध्या वेळात वळून दिला.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे येतो. शीड ज्या लांब तिरप्या वाशाला बांधतात त्याला परबाण म्हणतात. वारा एका बाजूने येत असला की परबाण आणि शीड डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला असतात. बाजू बदलायची झाली की गलबत वाऱ्याकडे पाठ करून वळते. खलाशी परबाणाचे खालचे टोक काठीच्या बुडाशी ओढून तो उभा करतात, शीड मोकळे सोडतात, आणि काठीच्या पुढून फिरवून पलीकडे नेतात. काठी पुढे कललेली असते ती याचसाठी. परबाण तिच्यापासून सुटा लोंबतो आणि फिरायला जागा मिळते. काठीला आवळून धरणारे बाजूचे दोरही कायमचे नसतात. वाऱ्याच्या बाजूचे ताणतात, पलीकडचे ढिले सोडतात. बाजू बदलली की उलट. परबाण वर चढविणारा दोर मागे नेऊन बांधतात, त्यामुळे पुढे झुकलेल्या काठीला तोच मागून धरून ठेवतो. माझ्या पहिल्या जहाजात प्रत्येक दोर सरसाने चिकटलेला होता. ते जहाज वळूच शकले नसते. म्हणून नव्या गलबताला दोरांवर सरसाचा थेंबही नाही; काचेच्या मण्यांच्या कप्प्यांतून दोर सरकतात आणि लाकडी खुंटीला गुंडाळले जातात.

एकदा ते शेतातल्या हौदात सोडले. पहिल्याच झुळकीला आडवे झाले. पुन्हा हिशेब मांडला. लांबी ४८ पट कमी झाली, शिडाचे क्षेत्रफळ २,३०४ पट, पण वजन १,१०,५९२ पट. वारा मात्र जेवढ्यास तेवढाच! शिडापेक्षा वजन किती तरी जास्त घटले, मग गलबत उभे कसे राहणार? पठाणाखाली शिशाची पट्टी ठोकली तेव्हा तरले. ती पट्टी मूळ गलबताला नव्हती, म्हणून किल्ल्यात ठेवताना काढून घेतो.

आराखडा नसताना जहाज बांधण्याची ही अडचण मोठ्यांनाही आली आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज गोव्यात दिवाडी बेटावर बांधले गेले. त्याचीही आधी लहान प्रतिकृती करून मद्रास आयआयटीच्या मदतीने पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. २०२५ च्या मे महिन्यात ते ‘कौंडिण्य’ या नावाने आपल्याच राज्यातील कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याची बातमी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्तमानपत्रांतून कापून मी वहीत चिकटविली आहे.

गेल्या दिवाळीत ते पाहुणे आले नाहीत. मी परबाण फिरवितानाचे चित्रण शेजाऱ्यांच्या फोनवरून त्यांना पाठविले. निरोप आला की परबाण ठीक फिरतो, पण मागच्या काठीला शीड कुठे आहे? ते अजून शिवायचे आहे. आजीने त्यासाठी आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा काढून ठेवला आहे.