महामार्गासाठी क्राउन-पिनियनची निवड

अमेरिकन पिकअप ट्रकच्या मागील आसात प्रॉपेलर शाफ्टने फिरणारी लहान पिनियन मोठ्या क्राउन चक्राला फिरवते. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता आसाचे गुणोत्तर मिळते, म्हणजे 41 भागिले 10 हे 4.10, तर 40 भागिले 13 हे सुमारे 3.08. ओझे ओढण्यासाठी 4.10 उत्तमच, कारण चाकाला मिळणारा पीळ त्याने वाढतो. परंतु 31 इंची टायर आणि थेट टॉप गिअर असलेल्या ट्रकचे इंजिन ताशी 100 किलोमीटरला मिनिटाला सुमारे 2,760 फेरे घेते, तेच 3.08 बसवल्यास सुमारे 2,070 वर येते. आवाज व बहुधा इंधनखर्चही त्यामुळे घटतो, मात्र चढावर गिअर उतरवावा लागतो.

गुणोत्तर बदलण्याचे हे काम नाजूक आहे: क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावी लागतात, आणि शिम, म्हणजे पातळ धातूच्या चकत्या, घालून दात्यांमधील मोकळीक काटेकोर राखली नाही तर नवी जोडीही लवकर झिजते. चारही चाके चालवणाऱ्या ट्रकमध्ये पुढील आसाचे गुणोत्तरही तितकेच बदलणे अनिवार्य ठरते, तर जुन्या ट्रकमध्ये स्पीडोमीटरही नव्याने जुळवावा लागतो.