मायचं गाणं बांधताना

गेलेल्या माणसावर गाणं बांधून घ्यायला लोक भजनकाराकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा एक कागद असतो. त्यावर जन्माची तारीख, निधनाची तारीख, मुलं, सुना, जावई, नातवंडं यांची नावं. आणि खाली चार गुण: प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक, मनमिळाऊ. चांदूर बाजारचे एक भजनकार आहेत, ते हा कागद घेतात, घडी करून खिशात ठेवतात आणि विचारतात, “बुढी रागावली का काय म्हने?”

या प्रश्नानं समोरचे गडबडतात. नंतर कोणीतरी हसतं. तिथून खरं काम सुरू होतं.

तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली आजी गेली, तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला घरच्यांना गाणं हवं होतं. भजनकार आणि घरचे दोघांच्याही परवानगीनं मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत बसलो. नावं द्यायची नाहीत असं ठरलं होतं, ते पाळतो.

थोरल्या मुलाला गाण्यात सगळी नातवंडं नावानिशी हवी होती. भजनकार म्हणाले, “नावं पत्रिकेत टाका भाऊ. गान्यात बुढी एकटीच पाह्यजे.” मुलाला ते पटलं नाही. पण भजनकार त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत, सुनेकडे वळले. सकाळी उठल्यावर सासूच्या तोंडचा पहिला शब्द कोणता? जेवायला बसली की आधी कशाला हात लावायची? कोणाशी अबोला होता? लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायची? सून सांगत गेली, मधेच तिची एक जुनी तक्रारही आली, तीही वहीत उतरली. भजनकार तक्रार खोडत नाहीत. माणूस तक्रारीत जास्त सापडतो, असं त्यांचं मत आहे, आणि तिथे बसून ऐकल्यावर ते माझंही झालं आहे.

पण गाण्याचा गाभा घरात सापडलाच नाही. तो सापडला आजीबरोबर वर्षानुवर्षं निंदायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या सोबतिणीकडे. तिला कोणी बोलावलंही नव्हतं, भजनकारांनीच विचारलं, “वावरात संगं कोन राहे?” ती आली, ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, “लिहता-वाचता येत नव्हतं ना जी तिले. सारा हिशेब पदराच्या गाठीत. कोनाचे पैसे देनं हाये, गाठ. कोनाची साखर आनली, गाठ. देल्लं का सोडे.” मग आवाज उतरवून, “गेली त्या दिशीच्या लुगड्याले एक गाठ होती. म्या पाह्यली. कोनाची होती कोन जाने.”

घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. भजनकारांनी वही मिटली. त्या दिवशी त्यांनी आणखी काहीच विचारलं नाही.

गाणं बांधायची त्यांची पद्धत कागदावरची नाही. आधी चाल तोंडात घोळते, तिच्यावर शब्द बसतात, आणि कडवं पक्कं झालं की मगच ते वहीत जातं. या तालुक्यात त्याचं नवल कोणाला वाटू नये. इथल्याच माधानचे गुलाबराव महाराज (1881 ते 1915) तान्हेपणीच दृष्टी गमावलेले. पण त्यांनी ग्रंथ सांगितले, अभंग-पदं सांगितली, ती इतरांनी लिहून घेतली. चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मागे केवढा तरी वाङ्मयसंभार होता, सगळा तोंडून आलेला. भजनकार माधानचं नाव घेताना हात जोडतात.

चालीचा प्रश्न मात्र अवघड होता. नातवानं सुचवलं, शिवरंजनीतलं काहीतरी करा, लगेच डोळ्यांत पाणी येतं. भजनकारांनी नकार दिला. ऐकणाऱ्याला रडवणारी चाल आपण आणली, तर त्यात आजीचं काय, असा त्यांचा मुद्दा. त्यांनी लेकीला विचारलं की आई काय गुणगुणायची. लेक बराच वेळ आठवत बसली आणि मग तिनं जात्यावरच्या ओवीची एक चाल म्हणून दाखवली, शब्द अर्धे विसरलेले. जातं घरातून कधीच गेलं, पण आजी तूर निवडताना ती चाल म्हणायची.

हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यांत आईबापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या मरणावरच्या ओव्याही आहेत. म्हणजे आपल्या माणसावर गाणं रचणं ही रीत जुनीच. फरक इतकाच की तेव्हा ते ज्याचं त्याला रचता यायचं, दुसऱ्याकडे जावं लागत नव्हतं. वऱ्हाडात बायका मयताला हेल काढून रडतात, गुण आठवून आठवून रडतात, तीही रचनाच असते. शिकलेल्या घरांतून आता त्याची लाज वाटू लागली आहे. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

गेलेल्या माणसावर दुसऱ्यानं गाणं बांधण्याची वाटही नवी नाही. सिंहगडावर 1670 साली तानाजी मालुसरे पडला, त्यावरचा तुलसीदास शाहिराचा पोवाडा आजही गायला जातो. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, तो प्रसंग आपल्याला दिसतो तो नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून, आणि त्यांत निवृत्तिनाथ योगी म्हणून कमी, धाकटा भाऊ गमावलेला माणूस म्हणून जास्त दिसतात.

ओवीची ती चाल भजनकारांनी आठ-आठ अक्षरांच्या चरणात बसवली, भजनी ठेक्यात. आवाका मुद्दाम लहान ठेवला, पाच-सहा सुरांचा. कारण विचारलं तर म्हणाले, गाणारी लेक आहे. गळा दाटून आला की वरचा सूर लागत नाही, आणि एकदा सूर चुकला की बाई लाजून गप्प बसते. पेटीची पट्टीही तिला बोलतं करूनच ठरवली, गायला लावून नाही. बोलण्याचा सूर कुठे आहे ते पाहिलं आणि त्याच्या आसपास षड्ज धरला. सहाव्या-सातव्या फेरीला हे कडवं जागेवर बसलं:

पदराले गाठ तुह्या, कोनाचं व देनं होतं
सांगून जाती तं माय, आमी फेडलं असतं

थोरला मुलगा तोवर खुर्चीवर होता. हे ऐकल्यावर तो उठून बाहेर गेला, आणि नातवंडांच्या नावांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

अभंगात शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं, तुका म्हणे, नामा म्हणे असं. भजनकार एरवी आपल्या भजनात स्वतःची मुद्रा घालतात. इथे त्या जागी त्यांनी आजीचं नाव घातलं आणि तिचा रागातला शब्द तिच्या तोंडी दिला. मुद्रेच्या आधी एक आवर्तन रिकामं सोडलं: टाळ नाही, मृदंग नाही. ही सवय त्यांना मोझरीची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारोंचा समुदाय मौन श्रद्धांजली देतो. ज्यांनी आयुष्यभर खंजिरी वाजवली त्यांच्यासाठी खंजिरी थांबते. भजनकार तिथे लहानपणापासून जातात.

नातवानं मधल्या काळात मोबाईलवर एक गाणं करून आणलं होतं. आजीचं नाव आणि कागदावरचे तेच चार गुण घातले, आणि मिनिटभरात व्हायोलिनसकट तयार. भजनकारांनी ते पूर्ण ऐकलं, चाल बरी आहे म्हणाले, आणि खरंच बरी होती. पण ते गाणं कोणत्याही गावच्या कोणत्याही आजीला लागू पडलं असतं. दोष यंत्राचा नाही. तोच कागद माणसाला दिला तरी तेच गाणं मिळतं. निधनाच्या फलकांवरच्या ओळी वाचून पाहा.

ध्वनिमुद्रण अमरावतीत झालं, एका छोट्या स्टुडिओत. तिथल्या मुलानं सवयीनं कानात ठेका मोजणारी क्लिक लावून दिली. बायकांचं भजन सुरुवातीला संथ चालतं आणि पुढे आपोआप चढतं. क्लिक काही चढत नाही. दोन ओळींत सगळ्या अडखळल्या. शेवटी क्लिक काढली, बायकांना गोल बसवलं, मधे एकच माईक आणि खरे टाळ. लेकीला एकटीला गाऊ दिलं नाही. भजनकारांचा तसा आग्रह होता. तिच्यासोबत सात-आठ जणी होत्या, त्यांत ती सोबतीणही.

पुण्यस्मरणाच्या संध्याकाळी ध्वनिफीत वाजवायची ठरली होती, पण बायकांचं भजनी मंडळ हजर होतं म्हणून प्रत्यक्षच गायलं गेलं. रिकाम्या आवर्तनाशी लहान पोरंही गप्प झाली. गाणं संपल्यावर मात्र बायकांत वाद सुरू झाला. एक म्हणाली, ती गाठ माझ्या साखरेची. दुसरी म्हणाली, साखरेची तर तिनं माझ्यासमोर सोडली, ती दळणाच्या पैशांची. तिसरीनं भलतंच काही काढलं. जेवणाच्या पंगतीत, आणि नंतर भांडी घासतानाही, आजी आणि तिचे उसने व्यवहार हाच विषय होता. वर्षभरात त्या घरात तिच्याबद्दल इतकं बोलणं झालं नव्हतं, असं सुनेनंच सांगितलं.

भजनकारांनी नारळ-दुपट्टा घेतला आणि जाण्यायेण्याचं भाडं. गाण्याचे पैसे मागायला ते संकोचतात. मंडपवाल्याला, आचाऱ्याला, फ्लेक्सवाल्याला आपण ठरवून पैसे देतो. मग शब्द बांधणाऱ्याचीही बिदागी आधी ठरवा आणि न मागता द्या. तुमच्या घरी असं गाणं करायचं असेल तर गुणांचा कागद घेऊन जाऊ नका. आधी घरातल्यांना एकत्र बसवा, मग घराबाहेरच्यांना विचारा: वावरातली सोबतीण, बाजाराच्या दिवशी जिच्या शेजारी ती बसायची ती बाई, जिच्याशी भांडण होतं तीसुद्धा. आणि हे लवकर करा, कारण त्याही म्हाताऱ्या होत आहेत.