आडवाटेवरची सुट्टी, खिशाला परवडणारी

सुट्ट्या लागल्या की घराघरांत एकच प्रश्न निघतो, यंदा जायचं कुठे? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर अलिबाग. ऐन हंगामात तिथे खोलीचं भाडं दुप्पट झालेलं असतं आणि अर्धा दिवस गाड्यांच्या रांगेत जातो. वर्षभर साठवलेले पैसे असे गर्दीत खर्च झाले, की मग घरातले आजी-आजोबा पुढच्या वर्षी ‘तुम्हीच जा’ म्हणू लागतात. वेगळी ठिकाणं शोधायची ती म्हणूनच. ती बहुधा स्वस्त असतात आणि तिथे सगळ्यांना घेऊन जाता येतं.

पण ही ठिकाणं सापडायची कशी? पहिली वाट आहे ती जिल्हा गॅझेटियरची. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाचे हे ग्रंथ मोठ्या ग्रंथालयांत असतात, इंटरनेटवरही विनामूल्य वाचता येतात. त्यांत जिल्ह्यातली गावं, देवळं, किल्ले यांची वर्णनं असतात. आपल्याच जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं, तरी न पाहिलेली चार-सहा ठिकाणं सहज निघतात.

दुसरी वाट नकाशाची. रेल्वेने थेट जाता येईल असं एक शहर निवडा आणि त्याच्याभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढा. उदाहरणार्थ, सोलापूर. तिथून साधारण ४५ किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. किल्ल्यातून वाहणाऱ्या बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच १६१३च्या सुमारास पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली, की बाहेरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. त्याच वर्तुळात धाराशिवची लेणी आहेत. थोडं पुढे गेलं की तेर, म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणारं हे गाव, संत गोरोबाकाकांचंही. तिथल्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू पाहायला मिळतात.

जालना धरलं तर वाटेत जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा आणि पुढे लोणार. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर, त्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर. जून २०२०मध्ये याचं पाणी गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते घडलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोणारला रेल्वे जात नाही. कदाचित म्हणूनच तिथे अजून झुंबड नाही.

तिसरी वाट दिनदर्शिकेची. काही ठिकाणं ठरावीक महिन्यांतच पाहायची असतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. पूर्वी अंड्यांची चोरी होई. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने संरक्षण सुरू केलं. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्लं समुद्राकडे निघतात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि जेवतात. तुमचे पैसे थेट त्या घरात जातात आणि कासव राखणं गावालाही परवडतं.

आता खर्चाचं बघू. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. एसटीत मात्र ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच तिकीट. म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, आई-वडील आणि दहा वर्षांचं मूल अशी पाच माणसं निघाली, तर तिकिटाचे पैसे पडतात फक्त दोघांचे! आजी-आजोबांची ओळखपत्रं तेवढी बरोबर ठेवा. शिवाय एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजना आहे. एकाच पासावर पाच-सहा ठिकाणं करायची असतील, तर सुट्या तिकिटांशी तिचा हिशेब ताडून पाहा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुक्कामासाठी पर्यटन महामंडळाची निवासं आहेत, लोणारलाही आहे. देवस्थानांची भक्तनिवासं आहेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची स्वच्छता आणि माफक दर तर सर्वांना माहीत आहेत. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार गेलात, तर खासगी ठिकाणीही भाव करायला जागा असते. दर विचारताना जेवण आणि कर धरून एकूण किती, हे स्पष्ट विचारा. आडगावात हॉटेल स्वस्त आणि टॅक्सी महाग, असंही होतं. दोन्हींची बेरीज करूनच ठरवा.

एक सावधगिरी. ‘तुम्हाला तीन रात्रींची मोफत सहल लागली आहे’ असा फोन आला, की त्यामागे बहुधा काहीतरी विकायचं असतं. नामांकित निवासांच्या नावाने खोट्या वेबसाइट्स काढून आगाऊ पैसे उकळणारेही आहेत. पैसे पाठवण्यापूर्वी क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहा आणि निवासावर स्वतः फोन करून खात्री करा.

निघण्याआधी आणखी एक फोन करायचा, तो त्या गावात. नळदुर्गला पाणी पडतंय का? वेळासला पिल्लं निघू लागलीत का? एवढं विचारलं की खेप वाया जात नाही. आणि तिथे गेल्यावर लोणारच्या काठी प्लॅस्टिक टाकू नका, वेळासच्या किनाऱ्यावर विजेरी चमकवू नका. अशा ठिकाणांचं वेगळेपण आपल्यामागून येणाऱ्यांसाठीही टिकायला हवं.