क्षयरोगाच्या औषधांवरची मुले: लक्ष कधी आणि कशावर ठेवायचे?

१,२०४ मुले, चार देश, गंभीर त्रास झालेली मुले ९५. पण त्रासाचे मूळ औषधातच आहे असे ठरलेले प्रसंग अवघे १५. भारत, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबिया येथे झालेल्या ‘शाइन’ चाचणीचे हे आकडे २०२२ साली प्रसिद्ध झाले. सौम्य क्षयरोगाच्या मुलांना सहाऐवजी चार महिने औषधे पुरतात का, हा तिचा मुख्य प्रश्न होता. उत्तर ‘हो’ असे आले.

पालकांच्या कामाचा तपशील मात्र त्या १५ प्रसंगांत आहे. त्यांतले ११ यकृताचे, आणि त्यांतले ९ पहिल्या आठ आठवड्यांतले. कारण उघड आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही यकृताला बाधू शकणारी तिन्ही औषधे एकत्र चालू असतात; मग पायराझिनामाइड थांबते.

रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा मूल जेवणच टाकू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी धडधाकट दिसणाऱ्या मुलाचे दर महिन्याला रक्त काढण्याची गरज सहसा नसते.

एथॅम्ब्युटॉलमुळे नजर जाईल, ही धास्ती मोठी. प्रत्यक्षात ३,८११ मुलांच्या नोंदींत असा संशय आला तो दोघांबाबत. तरीही लहान मूल ‘धूसर दिसतंय’ असे सांगत नाही. ते वस्तू चाचपडू लागले किंवा रंग ओळखताना चुकू लागले, तर डोळे तपासून घ्यावेत.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे गणित वेगळे. केपटाउनमध्ये अशा ९४ मुलांपैकी २३ जणांना ऐकू कमी येऊ लागल्याचे २०१२ साली नोंदले गेले. संशय इंजेक्शनांवर होता. आता भर तोंडाने घेण्याच्या औषधांवर आहे. पण लिनेझोलिड चालू असेल तर रक्तपेशींची आणि बेडाक्विलिन असेल तर ईसीजीची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायलाच हवी.

उरला वजनकाटा. साडेसात किलोच्या बाळाला मिश्र औषधाची रोज एक गोळी, आठ किलो भरले की दोन. म्हणून प्रत्येक भेटीत आधी वजन आणि मगच गोळ्या.