अतिथिसेवेचे शिक्षण : आधी प्रश्न, मग पाठ

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि आपल्या मुलाने अभियंता व्हावे ही आकांक्षा या नगरीत घरोघर रुजली. अशा घरातील मुलीने हॉटेल-व्यवस्थापन वा पर्यटन हा विषय निवडला, की आपण साशंक होता. वास्तविक मुंबईत दादर येथील हॉटेल-व्यवस्थापन संस्था १९५४ सालची, म्हणजे भिलाईच्या भट्टीहूनही जुनी आहे!

मार्च २०२० च्या टाळेबंदीत असे वर्ग घरातील पडद्यावर आले. ‘शिक्षक शिकवीत नाहीत, नुसते प्रश्न घालतात,’ असे मुलगी सांगू लागली, तर आपण काय समजावे?

आधी अडचण मांडावयाची आणि लहान गटाने ज्ञान शोधून ती सोडवावयाची, ही पद्धत १९६९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी सुरू झाली. समजा, नवरात्रात दहा जणांचे कुटुंब डोंगरगडास निघाले आहे. आजींना हजारांहून अधिक पायऱ्या चढवत नाहीत, रज्जुमार्गापाशी मोठी रांग आहे, दोघांचा उपवास आहे, एकास मधुमेह आहे. बेत कसा आखावा? येथे एकच बरोबर उत्तर नाही. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय झालेला विद्यार्थी म्हणूनच प्रथम बावरतो. त्यातून पडद्यावरील गटात एकाने राबावे आणि इतरांनी मौन धरावे, असेही घडते.

तथापि, निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित विचार करता असे दिसते की, तात्कालिक परीक्षेत व्याख्यानाने शिकलेले काहीसे सरस ठरले, तरी दीर्घकाळ स्मरणात व प्रत्यक्ष कौशल्यात प्रश्नांतून शिकलेले पुढे असतात. मात्र कणीक मळणे वा ताटे हाती घेऊन चालणे पडद्यावर साधत नाही. त्यास हाताचाच सराव हवा.

वाचकहो, येथेच घराचे साहाय्य मोलाचे ठरते. पुढील सहलीचा बेत आणि खर्चाचा हिशेब मुलीकडे सोपवा. ती अडली तर उत्तर सांगू नका. ‘आणखी कोणता मार्ग आहे?’ एवढेच विचारा. उद्या परक्या पाहुण्यासमोर उभी राहताना तिला हीच सवय उपयोगी पडेल.