मोबाइलवर माणसे मोठ्याने का बोलतात?

भिवंडीहून कल्याणला किंवा ठाण्याला जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही सकाळच्या वेळी कधी बसला आहात काय? बसला असाल, तर पुढचा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. रात्रपाळी संपवून आलेला एक यंत्रमाग कामगार खिडकीशी जागा धरतो. थोड्या वेळाने त्याच्या खिशातला फोन वाजतो. घरून फोन असतो, दूर गावाहून. "हां, बोल! खाना खाया?" हे साधे तीन-चार शब्द तो अशा आवाजात उच्चारतो की ड्रायव्हरनेही मागे वळून पाहावे. मागच्या बाकावरची कॉलेजची मुले एकमेकांना कोपराने ढोसतात. कोणी तरी पुटपुटते, "चारचौघांत कसे बोलावे, याची काही रीतच नाही या लोकांना!"

रीत हा शब्द आपण थोडा वेळ बाजूला ठेवू आणि त्या माणसाच्या कानाचा, घशाचा आणि हातातल्या यंत्राचा विचार करू.

प्रथम घसा. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपणही ऐकत असतो आणि तो ऐकून मेंदू आवाजाची पातळी कमी-जास्त करीत असतो. एटिएन लोंबार हे फ्रान्समधील कान-घशाचे डॉक्टर होते. त्यांना असे दिसले, की रोगी बोलत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की तो आपोआप मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट थांबवताच आवाज खाली येतो. रोग्याला याचा पत्ताही नसतो. १९११ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. बहिरेपणाचे सोंग करणारे ओळखण्यासाठी या गोष्टीचा चांगला उपयोग झाला. कारण ज्याला खरोखरच ऐकू येत नाही, त्याचा आवाज गोंगाटाने चढत नाही! या आपोआप होणाऱ्या क्रियेला आज 'लोंबार परिणाम' म्हणतात. तो केवळ माणसांतच असतो असे नाही. बर्लिन शहरात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रहदारीच्या जागी राहणारे नाइटिंगेल पक्षी शांत जागच्या पक्ष्यांपेक्षा मोठ्याने गातात, असे आढळले. त्या पक्ष्यांना कोणी रीतभात शिकविली नाही म्हणून ते ओरडत होते, असे आपण म्हणणार नाही.

आता भिवंडीचा गोंगाट कसा असतो ते पाहू. हे गाव यंत्रमागांचे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात; पण मागाच्या शेडमध्ये शिरलात की कोणतीच भाषा ऐकू येत नाही. साध्या मागावर बाण्याचे सूत घेऊन जाणारा लाकडी धोटा असतो. एका बाजूची काठी त्याला फटका मारते, तो ताण्याच्या धाग्यांमधून धावत दुसऱ्या बाजूच्या पेटीत आदळतो, तेथून पुन्हा फटका खाऊन परत येतो. असे एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा. आणि शेडमध्ये असे माग एक नव्हे, दाटीवाटीने कित्येक. अशा शेडमध्ये आवाजाची पातळी साधारणतः ९० ते १०० डेसिबेल भरते. समोरासमोर शांतपणे बोलताना ती ६० डेसिबेलच्या आसपास असते. डेसिबेलचे माप जरा फसवे आहे, हे ध्यानात ठेवा. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे ६० आणि ९५ यांत फरक ३५ चा दिसला, तरी तीव्रता तीन हजार पटींहून अधिक वाढलेली असते.

अशा शेडमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुकादमाला एक प्रश्न तीनदा ओरडून विचारला. त्याने शांतपणे माझ्या ओठांकडे बोट दाखवले आणि सावकाश बोलण्याची खूण केली. मागावरची माणसे ओठ वाचतात! हाताच्या, भुवयांच्या खुणांनी सूत तुटले, कांडी संपली, चहा आला, हे सारे सांगतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच घडले होते. तेथील विणकर स्त्रिया ओठांच्या ठसठशीत हालचालींनी मागांच्या खडखडाटात गप्पा मारीत.

पण अशा गोंगाटात वर्षे काढणाऱ्या कानाचे काय होते? आपल्या अंतःकर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते. तीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीची कंपने त्या पकडतात. मोठ्या आवाजात काही तास काढल्यावर या पेशी थकतात आणि पाळीवरून बाहेर पडलेल्या माणसाला काही काळ सगळे दूरून, कापूस घातल्यासारखे ऐकू येते. विश्रांतीने हे भरून निघते. मात्र रोज रोज हेच झाले, तर पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. भारतातील कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा आहे; आवाज ९५ डेसिबेल असेल तर तीच ४ तासांवर येते. भिवंडीतल्या मागांवर पाळी बहुधा १२ तासांची असते. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

या बहिरेपणाची एक खोड आहे. तो सर्व स्वरांवर सारखा येत नाही. सुरुवात होते ती सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासच्या बारीक स्वरांपासून. 'आ', 'ओ' असे स्वर याहून खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा सळसळता भाग मात्र वरच्या पट्टीत असतो. म्हणून असा माणूस सांगतो, "आवाज येतो, पण काय म्हणतोस ते कळत नाही." घरातले चिडतात. त्यांना वाटते, हा लक्षच देत नाही.

आणखी एक गंमत पहा. कानात मळ साचला किंवा कानाच्या मधल्या भागात दोष झाला, तर स्वतःचा आवाज हाडांतून आतल्या कानाला चांगला पोचतो आणि बाहेरचा गोंगाट मात्र कमी ऐकू येतो. असा माणूस उलट हळू बोलतो. केशपेशी मेलेल्या माणसाला स्वतःचा आवाजही कमी ऐकू येतो. म्हणून तो मोठ्याने बोलतो. बसमधला आपला कामगार या दुसऱ्या प्रकारचा असण्याचा संभव बराच आहे.

आता त्याच्या हातातल्या यंत्राकडे वळू. जुन्या दूरध्वनीत बोलणाऱ्याचा आवाज तारेवरून पलीकडे जाई, तसा त्याचा थोडा अंश त्याच्याच कानातल्या भागातही परत येई. इंजिनिअर याला 'साइडटोन' म्हणतात. हा परतावा फार असला की माणूस आवाज चोरतो. फार कमी असला की ओरडू लागतो. म्हणून तो बेताचा ठेवण्यासाठी पुष्कळ खटपट करण्यात आली होती. मोबाइलमध्येही त्याची सोय असते. पण ती हँडसेटप्रमाणे बदलते, आणि चपटा फोन कानाला जुन्या रिसीव्हरसारखा घट्ट बसत नाही. आजूबाजूचा आवाज फटीतून आत शिरतो आणि तो बारीकसा परतावा बुडवून टाकतो. मग लोंबार परिणाम आपले काम सुरू करतो.

दुसरी उणीव पट्ट्याची. दूरध्वनीने पूर्वीपासून सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांचाच पट्टा वाहून न्यायचा, असा संकेत होता. तेवढ्यात बोलणे कळते आणि खर्च वाचतो. पण स आणि श यांचा बराचसा भाग त्याबाहेर राहतो. फोनवर आपण "शहाजीचा श" असे सांगत बसतो ते याचमुळे. ४जी जाळ्यावर हा पट्टा सुमारे ७,००० कंपनांपर्यंत वाढवता येतो. दोन्ही टोकांना ती सोय असली, तर आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतो.

आणि तिसरी उणीव, जी मागावरच्या माणसाला सर्वांत जास्त जाणवत असेल: फोनवर ओठ दिसत नाहीत. ज्याने अर्धे ऐकणे डोळ्यांवर सोपवले आहे, त्याचा तो अर्धा भाग फोन काढून घेतो. दोन चिरगुटांच्या आडोशाला बसून व्हिडिओ कॉल करणारे कामगार पाहिले की पूर्वी मला हा नव्या काळाचा शौक वाटे. आता वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात झाले. त्यापूर्वी चाळीत एखाद्याकडेच फोन असे आणि बाकीच्यांनी आपल्या पत्त्यापुढे त्याचा नंबर 'पी.पी.' म्हणून लिहिलेला असे. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारायची, आपण धावत जायचे आणि त्यांच्या सगळ्या घरासमोर बोलायचे. बोलणे थोडके आणि मोठ्या आवाजात. त्या वेळी फोन जागेला लागत असे, म्हणून पहिला प्रश्न "कोण बोलतंय?" हा असे. आता फोन माणसाला लागतो आणि पहिला प्रश्न "कुठे आहेस?" असा झाला आहे. निरोप घेताना आपण अजूनही "ठेवतो हं" म्हणतो, ठेवायला रिसीव्हर उरलेला नाही तरी.

पुन्हा मुद्द्याकडे येऊ. दुसऱ्याचे फोनवरचे बोलणे आपल्याला इतके खुपते का? शेजारी दोन बायका गप्पा मारीत असल्या तर आपण खुशाल डुलकी काढतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना लक्षपूर्वक करावयाची कामे दिली आणि त्याच वेळी कधी पूर्ण संभाषण, कधी त्याची एकच बाजू ऐकवली. एकच बाजू ऐकताना चुका वाढल्या. पूर्ण संभाषणात पुढे काय येणार याचा मेंदूला अंदाज बांधता येतो. अर्ध्या संभाषणात प्रत्येक वाक्य अचानक येते आणि लक्ष ओढून नेते. तेव्हा बसमधल्या तुमच्या कपाळावरच्या आठीचे कारण आवाजात आहेच, पण ते तुमच्या मेंदूतही आहे. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये मोठ्याने मोबाइलवर बोलण्यास आणि इअरफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावण्यास मनाई केली. यांतील दुसऱ्या गोष्टीला माझ्या मते काहीच सबब नाही. पहिलीला कधी कधी असते.

फोन आणखी एक भांडण लावून देतो. समोरासमोर बोलताना एकाचे संपले की दुसरा सुमारे एकपंचमांश सेकंदात सुरू करतो. जगातील दहा भाषांची तपासणी करून २००९ साली हे दाखवण्यात आले. मोबाइल आपल्या आवाजाचे २० सहस्रांश सेकंदाचे तुकडे करून, त्यांचे आकडे बनवून पाठवतो. या व्यवहारात उशीर होतो. समजा, एका दिशेला तो ०.२ सेकंद आहे. माझे शेवटचे अक्षर पलीकडे ०.२ सेकंदाने पोचले, त्याने नेहमीसारखे ०.२ सेकंदाने उत्तर दिले, ते यायला आणखी ०.२. मला मात्र ०.६ सेकंद शांतता ऐकू आली. एवढ्या वेळात मला वाटते, "हा विचारात पडला, याला यायचे नाही दिसते." किंवा मी पुन्हा बोलू लागतो आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, असा उशीर असताना लोकांनी दोष वाहिनीला न देता पलीकडच्या माणसालाच कमी लक्ष देणारा ठरवले.

यावर आपल्याकडे एक जुना उपाय आहे, तो म्हणजे हुंकार. आजीने गोष्ट सांगताना "हं… हं…" म्हणत राहावे लागे, नाही तर आजी थांबत असे. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, म्हणून हुंकाराची गरज दुप्पट आहे. मोबाइल बनवणाऱ्यांनाही हे उमगले असावे. बोलणारा थांबला की बॅटरी आणि वाहिनी वाचवण्यासाठी फोन पाठवणे कमी करतो. मग ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखे वाटून तो "हॅलो, हॅलो" करू नये, म्हणून त्याच्या कानात मुद्दाम बारीकशी खरखर भरली जाते.

आता एक प्रयोग. साप–शाप, ताट–थाट, सार–फार अशा वीस जोड्या लिहा. प्रत्येक जोडीतला एकच शब्द मित्राने वाचायचा, तुम्ही लिहायचा. एकदा समोर बसून, एकदा तुमच्याकडे पाठ करून, एकदा फोनवरून आणि एकदा फोनवरूनच, पण तुमच्याजवळ पंखा किंवा मिक्सर चालू ठेवून. चुका मोजा. मग हाच प्रयोग घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर करा. ते गिरणीत किंवा मागावर काम केलेले असतील तर अवश्य करा. त्यांच्या कोणत्या व्यंजनांवर चुका होतात, ते वेगळे लिहून ठेवा. एकाच कानाने कमी ऐकू येते असे आढळले किंवा चुका फारच झाल्या, तर त्यांना सरकारी रुग्णालयातील कानाच्या विभागात घेऊन जा. तेथे प्रत्येक स्वरासाठी कानाची तपासणी होते आणि तिला काही दुखत नाही.

आणि गोंगाटात फोन आलाच तर? आवाज दुप्पट चढवून घसा दुखवण्यापेक्षा फोनचे तोंड जवळ आणणे बरे. अंतर निम्मे केले की ध्वनीची तीव्रता सुमारे चौपट, म्हणजे ६ डेसिबेल वाढते. २० सेंटिमीटरवरचा फोन ५ सेंटिमीटरवर आणला की १२ डेसिबेल मिळाले. त्यावर तळहाताचा आडोसा धरला, तर मागाचा खडखडाटही थोडा अडतो. मागावरची जुनी माणसे फोन आला की नेमके हेच करताना दिसतात: भिंतीकडे तोंड, हाताची ओंजळ आणि दुसऱ्या कानात बोट.